काटा पिवळ्या पट्ट्यात: एका प्रशिक्षण विमानाच्या ऑइल प्रेशरचं प्रकरण

पार्श्वभूमी

विमान दोन आसनी, वर पंख असलेलं, ६०० किलो कमाल वजनाच्या लाइट स्पोर्ट वर्गातलं. मालकी एका उड्डाण क्लबची. काम मुख्यतः प्रशिक्षणाचं, म्हणजे दिवसाला अनेक टेकऑफ आणि अनेक चढाया. इंजिन रोटॅक्स ९१२ यूएलएस: चार सिलिंडर, १३५२ सीसी, दोन बिंग कार्ब्युरेटर, १०० अश्वशक्ती. पुढे २.४३ : १ गुणोत्तराचा गिअरबॉक्स आणि जमिनीवर पात्यांचा कोन बदलता येणारा तीन पात्यांचा प्रोपेलर. इंजिन सात वर्षांचं झालं होतं आणि ८५० तासांच्या आसपास चाललं होतं. १०० तासांच्या तपासण्या वेळेवर होत होत्या, ऑइल दर ५० तासांनी बदललं जात होतं आणि लॉगबुक व्यवस्थित भरलेलं होतं. विमानाची हेळसांड झालेली नव्हती, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं.

पुढचं समजायला या इंजिनाच्या काही मर्यादा डोळ्यांसमोर हव्यात. ५८०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) फक्त ५ मिनिटं, सतत चालवायचं तर ५५०० पर्यंत. ऑइल ५० अंश सेल्सिअस झाल्याशिवाय टेकऑफ नाही, कमाल १३० अंश, आणि इंजिनाला मानवणारा पट्टा ९० ते ११० अंशांचा. ऑइल प्रेशरच्या किमान मर्यादा मात्र दोन आहेत: ३५०० आरपीएमच्या खाली ०.८ बार (बार हे दाबाचं एकक), आणि ३५०० च्या वर २ बार. वरची बाजू ५ बारची. थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ ७ बारपर्यंत चालतं. शिवाय उत्पादकाची एक शिफारस आहे, जिच्याकडे बऱ्याच ठिकाणी दुर्लक्ष होतं: थ्रॉटल पूर्ण उघडा असताना आरपीएम ५२०० च्या खाली नसावा.

दुसरी गोष्ट ऑइलच्या वाटेची. ऑइलची टाकी इंजिनापासून वेगळी असते. इंजिनाचा पंप टाकीतून ऑइल ओढतो, आणि ते ओढलं जाताना आधी कूलरमधून जातं. टाकी, कूलर, पंप, फिल्टर, इंजिन असा क्रम. म्हणजे कूलर आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या होज (रबरी नळ्या) हा सगळा भाग पंपाच्या ओढीखाली, निर्वाताखाली असतो. तिथे दाब नसतो. इंजिनातून टाकीकडे ऑइल परत जातं ते क्रँककेसमधल्या (इंजिनाच्या मुख्य कवचातल्या) वायूच्या दाबाने. तापमानाचा सेन्सर पंपाच्या बॉडीत आहे, त्यामुळे गेजवर दिसतं ते कूलरमधून थंड होऊन आलेल्या ऑइलचं तापमान. नेहमीच्या विमान इंजिनांची सवय असलेल्या माणसाला ही रचना उलटी वाटते, आणि या प्रकरणात नेमकी तिथेच गफलत झाली.

अडचण कशी दिसायला लागली

८४६ तासांवर प्रोपेलरचा कोन साधारण दीड अंशाने वाढवला गेला. लांबच्या उड्डाणांना वेग थोडा वाढावा आणि इंधन वाचावं हा हेतू. त्यामागे एक समजही होता, की आरपीएम कमी म्हणजे इंजिनाला आराम. आधी पूर्ण थ्रॉटलवर चढाईत ५३५० आरपीएम मिळायचे. आता ५०२० मिळू लागले. क्रूझचा (सरळ, सपाट उड्डाणाचा) वेग खरंच वाढला आणि सगळे खूश झाले. चढाईचा दर कमी झाला, पण तो अपेक्षितच होता.

८५० तासांवर ऑइल आणि फिल्टर बदलला. जुना फिल्टर कापून न बघता हँगरमधल्या भंगाराच्या डब्यात टाकला गेला.

त्यानंतरच्या दहा-बारा तासांत वैमानिकांच्या बोलण्यात दोन गोष्टी येऊ लागल्या. चढाईत ऑइल पूर्वी १०२ ते १०५ अंशांवर थांबायचं, ते आता ११८ वर जातं. आठ मिनिटं सलग चढलं तर १२४. आणि प्रेशर, जे पूर्वी ३.६ ते ३.८ बार असायचं, ते २.१ च्या आसपास येऊन काटा थरथरतो. या सगळ्याची लॉगबुकात एकही ओळ नव्हती. ‘आज जरा गरम चालतंय’ इतकंच एकाकडून दुसऱ्याला सांगितलं जात होतं.

८६४ तासांच्या सुमारास एका प्रशिक्षकाने चढाई संपवून विमान सरळ केलं. वेग वाढला, आरपीएम ५३०० च्या पुढे गेला, आणि प्रेशर १.७ बारवर उतरलं. अंदाजे ४० सेकंदांनी थ्रॉटल मागे घेतल्यावर ते २.६ वर आलं. उतरल्यावर त्यांनी पुढच्या वैमानिकाला तोंडी सांगितलं, आणि विमान त्याच दिवशी आणखी दोनदा उडालं.

हा पहिला निर्णयबिंदू. विमान पुन्हा उडालं त्याला निष्काळजीपणा म्हणता येणार नाही, कारण गेज पाहून कोणीही तेच केलं असतं. या विमानातल्या गेजवर २ ते ५ हिरवा पट्टा, ०.८ ते २ पिवळा आणि ०.८ वर लाल रेघ आहे. १.७ वर काटा पिवळ्यात दिसतो आणि लाल रेघ अजून लांब असते. पण ती लाल रेघ ३५०० आरपीएमच्या खालची आहे. ५३०० आरपीएमला १.७ बार म्हणजे मर्यादा ओलांडलेली, मग रंग कोणताही असो. गेजच्या काट्याला आरपीएम कळत नाही, आणि ही जोडणी वैमानिकाला स्वतःच्या डोक्यात करावी लागते.

समोर असलेले पर्याय

८६८ तासांवर मुख्य प्रशिक्षक आणि क्लबचा मेकॅनिक एकत्र बसले. दोन विद्यार्थ्यांच्या चाचण्या आठवड्यावर आल्या होत्या आणि त्याच विमानावर आरक्षणं होती. टेबलावर पाच पर्याय आले.

पहिला: तापमान १३० च्या आत आहे, तेव्हा चढाईत थ्रॉटल थोडा कमी ठेवून उडत राहायचं आणि पुढच्या १०० तासांच्या तपासणीत बघायचं. दुसरा: सेन्सर बदलायचा. या इंजिनावर प्रेशर सेन्सर खोटं दाखवायला लागणं ही नेहमीची तक्रार आहे, त्यामुळे हा संशय रास्त होता. तिसरा: जाड ऑइल घालायचं. चौथा: पंपावरच्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर वाढवायचं. पाचवा: विमान उडवणं बंद ठेवायचं, प्रोपेलरचा कोन पूर्ववत करायचा आणि प्रेशर थेट यांत्रिक गेजने मोजायचं.

जाड ऑइलचा पर्याय मेकॅनिकने लगेच बाजूला सारला, आणि त्याची कारणं पक्की होती. या इंजिनात गिअरबॉक्स आणि त्यातला ओव्हरलोड क्लच त्याच ऑइलवर चालतात, म्हणून ऑइल निवडताना उत्पादकाच्या यादीबाहेर जायचं नसतं. आणि ऑइल जाड झालं की पंपाला ते ओढायला आणखी कष्ट पडतात. ओढण्याच्या बाजूला दोष असेल तर जाड ऑइल तो वाढवतं.

वॉशरचा पर्याय त्याहून वाईट. रिलीफ व्हॉल्व्हचं काम जास्तीचा दाब सोडून देण्याचं. दाब मुळात तयारच होत नसेल तर स्प्रिंग कितीही आवळली तरी फरक पडत नाही, आणि पुढे दोष सापडून दुरुस्त झाला की तोच वॉशर थंड इंजिनात प्रेशर ७ बारच्या पलीकडे नेऊ शकतो.

पहिल्या पर्यायाकडे कल मोठा होता, कारण सगळ्यांना पटेल असं एक स्पष्टीकरण हाताशी होतं. प्रोपेलर जड झाला, म्हणून इंजिन तापतं. इंजिन तापतं म्हणून ऑइल पातळ होतं. ऑइल पातळ झालं म्हणून प्रेशर पडतं. साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्रपणे खरी आहे. अडचण एकच: १२० अंशांवरचं ऑइल १०५ अंशांवरच्या ऑइलपेक्षा पातळ असतं, पण इतकं नाही की निरोगी पंपाचं प्रेशर ३.७ वरून १.७ वर यावं. ही शंका मेकॅनिकने मांडली. मुख्य प्रशिक्षकांनी त्याच बैठकीत विमान बंद ठेवायचा निर्णय घेतला आणि आरक्षणं रद्द केली.

काय केलं, आणि कोणत्या क्रमाने

सुरुवात ऑइलच्या पातळीपासून झाली. ती या इंजिनात नीट मोजायची तर आधी इग्निशन बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने, फक्त चालण्याच्या दिशेने, सावकाश फिरवावा लागतो. क्रँककेसमध्ये उरलेलं ऑइल त्याने टाकीत ढकललं जातं, आणि टाकीतून गुडगुड आवाज आला की सगळं ऑइल परत आलं असं समजायचं. उलट्या दिशेने फिरवलं तर ऑइलच्या वाटेत हवा ओढली जाऊन ती व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक टॅपेटपर्यंत (व्हॉल्व्हला हलवणाऱ्या, ऑइलने भरलेल्या छोट्या भागांपर्यंत) पोहोचू शकते, म्हणून ते कटाक्षाने टाळायचं. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांमध्ये, वरच्या अर्ध्यात होती. फेस नव्हता. कमी ऑइलमुळे काटा थरथरतो ही शक्यता मिटली.

मग एकाच दुपारी दोन कामं झाली. प्रोपेलरची तिन्ही पाती जुन्या कोनावर आणली, डिजिटल कोनमापकाने एकमेकांशी जुळवली आणि हबचे बोल्ट प्रोपेलर उत्पादकाच्या टॉर्कवर आवळले. आणि ऑइल कूलर साफ केला. त्याच्या जाळीत किडे आणि गवताचं बी बरंच अडकलेलं होतं. या दोन गोष्टी एकाच वेळी केल्यामुळे तापमान कशाने किती उतरलं ते आता सांगता येत नाही. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तिसऱ्या दिवशी सेन्सरच्या जागी थेट यांत्रिक गेज लावून, विमान घट्ट बांधून, जमिनीवर इंजिन चालवलं. आधी २००० आरपीएमवर दोन मिनिटं, मग २५०० वर ऑइल ५० अंश होईपर्यंत, आणि त्यानंतर ऑइल ९५ अंशांवर आल्यावर वाचनं घेतली. २५०० आरपीएमला ३.९ बार. ४००० ला ३.४. ५००० ला २.४, काटा थरथरत.

या तीन आकड्यांनी प्रकरणाला वळण दिलं. पहिली गोष्ट, सेन्सर निर्दोष निघाला. यांत्रिक गेजचं वाचन आणि कॉकपिटमध्ये आधी दिसलेलं वाचन जवळपास जुळत होतं. दुसरी, ऑइल जास्त तापलेलं नसतानाही प्रेशर पडत होतं, म्हणजे उष्णतेची साखळी तुटली. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची: प्रेशर उलट्या दिशेने जात होतं. पंप इंजिनाबरोबर फिरतो. आरपीएम वाढला की प्रेशर वाढायला हवं आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडला की तिथेच टिकायला हवं. बेअरिंग झिजलं असेल तर प्रेशर एकूणच कमी दिसतं, आणि सर्वात कमी दिसतं ते आयडलला (थ्रॉटल बंद, फेरे कमी असताना), गरम ऑइलवर. इथे आयडलजवळ सगळं उत्तम आणि फेरे वाढतील तशी घसरण. म्हणजे पंपाला जेवढं हवं तेवढं ऑइल मिळत नव्हतं. फेरे जास्त, मागणी जास्त, आणि पुरवठा मात्र कुठेतरी अडलेला.

ओढण्याच्या बाजूचा निर्वात मोजायला पंपाच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज जोडलं. इन्स्टॉलेशनच्या नियमानुसार तिथला निर्वात ०.३ बारपेक्षा जास्त नको. ५००० आरपीएमला तो ०.४२ बार निघाला. आता दोष टाकी आणि पंप यांच्यामध्ये आहे हे नक्की झालं: दोन होज, एक कूलर आणि चार जोड, एवढंच शोधायचं होतं.

कूलर ते पंप ही होज आतून गुळगुळीत निघाली. कूलरमधून ऑइल मोकळं वाहत होतं. टाकी ते कूलर ही होज काचतंतूंच्या अग्निरोधक आवरणात होती आणि बाहेरून तिच्यात काहीच खोट दिसत नव्हती. पीळ नाही, घडी नाही, गळती नाही. ती काढून एका टोकाला टॉर्च धरला आणि दुसऱ्या टोकाने पाहिलं, तेव्हा गोल उजेडाऐवजी चंद्रकोर दिसली. आवरण काढून होज उभी चिरली. आतलं अस्तर टाकीकडच्या टोकापासून वीतभर लांब सुटलेलं होतं आणि त्याची एक बाजू जिभेसारखी आत झुकलेली. बोटांनी दाबलं की बाहेरचं रबर एका दिशेला आणि अस्तर दुसऱ्या दिशेला सरकत होतं. अस्तराला बारीक आडव्या भेगा पडल्या होत्या आणि काही ठिकाणचे तुकडे गायब होते.

ती जीभ झडपेचं काम करत होती. ओढ कमी असताना बाजूला राहायची. फेरे वाढले की वाहत्या ऑइलबरोबर आत ओढली जाऊन वाट अडवायची. तिन्ही ऑइल होजमध्ये हीच का गेली, याचंही उत्तर रचनेत आहे. टाकीतून निघालेलं, अजून थंड न झालेलं ऑइल हिच्यातून जातं, ही निर्वाताखाली असते, आणि या विमानात ती एक्झॉस्टच्या जवळून जात होती.

गायब तुकडे कुठे गेले हा पुढचा प्रश्न. फिल्टर कापला, कागदाच्या घड्या पट्टीने कापून पसरल्या आणि दाबून ऑइल काढलं. घड्यांमध्ये काळे कण होते. काळा कण म्हणजे कार्बन असं पटकन वाटतं, पण कार्बन बोटांत चुरडतो आणि काळा डाग सोडतो. हे कण चुरडत नव्हते, चिमटीत गोल फिरत होते आणि दाबून सोडले की पुन्हा फुगत होते. रबर. मेकॅनिकने मग भंगाराच्या डब्यातून ८५० तासांवरचा जुना फिल्टर शोधून काढला आणि तोही कापला. त्यातही थोडे, पण तेच कण होते.

धातूचा शोधही घ्यावा लागला, कारण कमी प्रेशरवर बेअरिंगला किती झळ पोहोचली हे माहीत नव्हतं. चुंबकीय प्लगवर बारीक राखाडी लेप होता, जो नेहमीच असतो. चकत्या किंवा किस नव्हता. मॅन्युअल इथे ३ मिमीच्या आतला थोडासा पोलादी किस सहन करतं, पण तेवढंही नव्हतं. फिल्टरमध्ये धातू नाही. सिलिंडरची गळती चाचणी ६ बारवर घेतली. मर्यादा २५ टक्के घटीची आहे, इथे चारही सिलिंडर ८ ते १२ टक्क्यांत होते. रिलीफ व्हॉल्व्ह उघडून गोळी, स्प्रिंग आणि बैठक तपासली. त्यात रबर अडकलेलं नव्हतं. टाकी काढून धुतली.

नवीन होज बसवल्यावरचं काम

इथे घाई झाली असती तर दुरुस्तीनेच इंजिनाचं नुकसान केलं असतं. ऑइलची वाट उघडली की तिच्यात हवा जाते. ती हवा न काढता इंजिन सुरू केलं तर पहिले काही क्षण बेअरिंग कोरडी फिरतात आणि हायड्रॉलिक टॅपेटमध्ये हवा अडकून व्हॉल्व्हची यंत्रणा ठोके खाते.

दोन्ही ओढीच्या होज नवीन बसवल्या, जरी एकच खराब होती. मग प्रत्येक सिलिंडरचा एक स्पार्क प्लग काढला म्हणजे इंजिन हलकं फिरेल. परतीची होज टाकीवरून सोडवून तिचं टोक इंजिनाच्या खाली ठेवलेल्या भांड्यात सोडलं आणि टाकीवरचं ते तोंड बंद केलं. टाकीच्या व्हेंटमधून रेग्युलेटर लावून हवेचा दाब दिला, १ बारच्या आत. एक जण टाकीतली पातळी सांभाळत होता आणि दुसरा प्रोपेलर हाताने चालण्याच्या दिशेने फिरवत होता. साधारण वीस फेऱ्यांत गेजवर प्रेशर दिसायला हवं. इथे होज रिकाम्या असल्यामुळे थोडे जास्त लागले. टाकीचं झाकण उघडण्याआधी दाब पूर्ण सोडला, नाहीतर गरज नसताना ऑइलने अंघोळ होते. व्हॉल्व्ह कव्हर काढून प्रत्येक रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा छोटा हात) दाबून पाहिला. एकही स्पंजासारखा दबला नाही. स्पार्क प्लग थंड इंजिनावर, आट्यांना उष्णता वाहून नेणारी पेस्ट लावून, १६ न्यूटन मीटरवर परत आवळले.

निर्वाताचं गेज पहिल्या चालवण्यासाठी तसंच ठेवलं होतं. ५००० आरपीएमला आता ०.१८ बार. प्रेशर २५०० ला ३.८, ४००० ला ४.१, ५००० ला ४.१. म्हणजे चढून टिकलेलं, जसं असायला हवं तसं. टी काढून जोड पूर्ववत केल्यावर हवा काढण्याची सगळी क्रिया पुन्हा केली. कंटाळवाणं काम आहे, पण वाट पुन्हा उघडली म्हणजे क्रियाही पुन्हा.

परिणाम

चाचणी उड्डाणात पूर्ण थ्रॉटलवर चढाईत ५३४० आरपीएम मिळाले, ऑइल १०३ अंश, प्रेशर ३.७ बार. आठ मिनिटांच्या सलग चढाईतही काटा हलला नाही. १० तासांनी फिल्टर बदलून कापला: दोन-तीन रबराचे कण, बहुधा वाटेत राहिलेले, धातू नाही. २५ तासांनी पुन्हा ऑइल आणि फिल्टर बदलला: स्वच्छ. त्या दोन विद्यार्थ्यांच्या चाचण्या बारा दिवस लांबल्या.

मर्यादा ओलांडल्याची नोंद उशिरा का होईना लॉगबुकात गेली: किती बार, किती आरपीएमला, अंदाजे किती सेकंद, ऑइल किती अंशांवर, आणि त्यानंतर कोणकोणत्या तपासण्या झाल्या.

होज बदलली कशी गेली नाही

या इंजिनावरच्या रबरी वस्तू तास कितीही झालेले असोत, दर ५ वर्षांनी बदलायच्या असतात. लॉगबुकात दोन वर्षांपूर्वीची नोंद होती: ‘५ वर्षांचं काम, सर्व रबरी होज बदलल्या.’ सुट्या भागांची जुनी यादी काढून पाहिली तेव्हा त्यात इंधनाच्या होज, कूलंटच्या होज, परतीची ऑइल होज आणि कूलर ते पंप ही होज होती. टाकी ते कूलर ही होज नव्हती. ती कूलरच्या ब्रॅकेटमागे आवरणात गुंडाळलेली असल्याने नजरेआड राहिली, आणि नोंदीतल्या ‘सर्व’ या शब्दाने तो प्रश्न दोन वर्षांसाठी बंद केला. आवरणामुळे होजवर छापलेली तारीखही वाचता येत नव्हती.

त्याच शोधात कळलं की कार्ब्युरेटर इंजिनाला जोडणारे रबरी फ्लँजही यादीत नव्हते. ते वाकवून पाहिले तर भेगा दिसल्या. लगेच बदलले आणि दोन्ही कार्ब्युरेटर पुन्हा जुळवून घेतले. आता क्लबमध्ये ५ वर्षांच्या कामाची नोंद वस्तूवार होते: कुठून कुठे जाणारी होज, कधीची, आणि आवरणाच्या बाहेर तारखेचा टॅग.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी ८५० तासांवर हुकली. फिल्टर कापायला दहा मिनिटं लागतात. तेव्हाच रबर दिसलं असतं, आणि १.७ बारचा प्रसंग घडलाच नसता.

प्रोपेलरचा कोन बदलण्यात गैर काही नाही, पण बदलानंतर चढाईतला आरपीएम ५२०० च्या खाली गेला तिथेच थांबायला हवं होतं. ‘कमी आरपीएम म्हणजे आराम’ हा मोठ्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनांवरून आलेला समज आहे. हे इंजिन लहान आहे, दाबगुणोत्तर चढं आहे, आणि त्याचे फेरे गिअरबॉक्स कमी करतो: इंजिन ५५०० वर असताना प्रोपेलर फक्त २२६३ वर फिरत असतो. जड प्रोपेलर आणि पूर्ण थ्रॉटल म्हणजे चढ्या गिअरमध्ये घाट चढण्यासारखं. सिलिंडरमधला ताण वाढतो, वेग कमी म्हणून थंड करणारी हवा कमी, आणि चढाई लांबते. कोन बदलण्याआधी आणि बदलल्यानंतर एकाच वजनाला, शक्य तितक्या सारख्या हवेत, आरपीएम, ऑइलचं तापमान, प्रेशर आणि सिलिंडर हेडचं तापमान लिहून घेतलं असतं, तर तापमान कोनातल्या बदलामुळे वाढलं आणि प्रेशर वेगळ्याच कारणाने पडतंय हे पहिल्या आठवड्यातच दिसलं असतं.

दोन दोष एकाच सुमारास वर आले आणि एका स्पष्टीकरणात चपखल बसले, ही या प्रकरणातली खरी अवघड जागा. सुटलेल्या अस्तराने ऑइलचं तापमान वाढवलेलं नव्हतं. वाट अरुंद झाली की कूलरमधून ऑइल सावकाश जातं आणि उलट जास्त थंड होऊन बाहेर येतं. सेन्सर कूलरनंतर असल्यामुळे गेजवर वाढ दिसायचं कारण नाही. तापमान प्रोपेलरमुळे आणि किड्यांनी बुजलेल्या कूलरमुळे वाढलं. दोघांत वाटा किती, हे कळायचं तर आधी फक्त कूलर साफ करून एक उड्डाण, मग कोन बदलून दुसरं, असं करायला हवं होतं. प्रेशरचा दोष सापडेपर्यंत उडणं योग्य नव्हतं हे खरं, पण दोष मिटल्यावर तरी हा प्रयोग करता आला असता. आता जड कोनाची झळ किती होती हे या विमानापुरतं अज्ञातच राहिलं.

विमान बंद ठेवण्याचा निर्णय मात्र योग्य वेळी आणि योग्य कारणाने झाला. तो १.७ बारच्या दिवशीच झाला असता तर दोन उड्डाणं वाचली असती, आणि त्यासाठी हवी होती लॉगबुकातली एक ओळ. पुढचा वैमानिक तोंडी निरोपावर उडतो, लिहिलेल्या दोषावर उडू शकत नाही.

क्लबने गेजशेजारी एक छोटी पट्टी चिकटवली आहे: ‘३५०० च्या वर किमान २ बार’. आणि टेकऑफपूर्वीच्या तपासणीत, ४००० आरपीएमला इग्निशन बघताना, ऑइल प्रेशरचा आकडा २५०० च्या आकड्याशेजारी लिहायची जागा केली आहे. ४००० चा आकडा २५०० च्या आकड्यापेक्षा कमी आला तर उड्डाण रद्द करून मेकॅनिकला बोलवायचं.